बर्गंडीचा सातबारा: बाटलीवरची जमीन कशी वाचायची, आणि पायी कशी पाहायची

फ्रान्सहून परतताना विमानतळावर मी एक महागडी बाटली घेतली. लेबलावर ठळक अक्षरांत 'जव्हरे-शांबेर्तँ' लिहिलं होतं. शांबेर्तँ हे नाव मी ऐकून होतो, नेपोलियनची आवडती वाईन म्हणून. हिशोब केला तर बाटली चक्क स्वस्तात पडली असं वाटलं. घरी आल्यावर ती मोठ्या ऐटीत मामांसमोर ठेवली. मामा नाशिककडचे द्राक्षबागायतदार, फ्रेंचचा गंध नाही. त्यांनी लेबल उलटसुलट पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला: "हे गावाचं नाव आहे की शेताचं?"

मला माहीत नव्हतं. ते गावाचं नाव होतं. शेताचं नाव नुसतं 'शांबेर्तँ', आणि त्या शेताची बाटली माझ्या खिशाला कधीच परवडली नसती.

बर्गंडी, म्हणजे ही बाटली जिथली तो फ्रान्समधला वाईनचा प्रदेश, समजून घ्यायला मामांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी. वाईनच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर 'चेरीचा गंध, मातीचा गंध' सुरू होतं आणि माणूस गोंधळतो. बर्गंडी आधी महसुली मामला आहे, चवीचं प्रकरण नंतर. ज्याने आयुष्यात एकदा तरी तलाठ्याकडे सातबारा काढलाय, त्याला हा प्रदेश पॅरिसच्या माणसाइतकाच लवकर कळेल. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत: आधी गाव आणि गट, मग खातेदार, मग फेरफार, मग प्रत्यक्ष शिवारफेरी, आणि शेवटी पेला.

पायरी १: गाव की गट?

फ्रेंच लोक या प्रदेशाला 'बुर्गोन्य' म्हणतात. उत्तरेला एकीकडे सुटलेलं शाब्ली, मग दीजों शहराच्या दक्षिणेला सुरू होणारी 'कोत द'ओर' ही टेकड्यांची पट्टी, तिच्याखाली कोत शालोनेझ आणि शेवटी माकों. आपलं लक्ष कोत द'ओरवर. लांबी पन्नास-साठ किलोमीटर, आणि द्राक्षाची रुंदी कित्येक ठिकाणी रमतगमत अर्ध्या तासात ओलांडता येईल इतकीच. तिचा उत्तरेचा भाग 'कोत द न्वी', बहुतेक लाल वाईनचा. दक्षिणेचा 'कोत द बोन', लाल आणि पांढरी दोन्ही, पण जगात नाव पांढरीचं. लाल म्हणजे पिनो न्वार, पांढरी म्हणजे शार्दोने. आलिगोते आणि गामे या जातीही आहेत, पण मुख्य कारभार या दोघींचाच.

वरच्या दर्जाच्या बाटलीवर द्राक्षाची जात सहसा लिहिलेली नसते. लिहिलेली असते जमीन. त्या जमिनीच्या चार प्रती:

सगळ्यात खाली प्रदेशाचं नाव, नुसतं 'बुर्गोन्य'. एकूण उत्पादनातला निम्म्याहून जास्त माल या पातळीवरचा. त्यावर गावाचं नाव: पोमार, व्होल्ने, मर्सो, जव्हरे-शांबेर्तँ. त्यावर 'प्रमिये क्रू': गावाचं नाव, 'प्रमिये क्रू' हे शब्द, आणि बहुधा शेताचंही नाव. हा माल साधारण दहा टक्के. आणि शिखरावर 'ग्रां क्रू', जेमतेम एक-दीड टक्का. कोत द'ओरच्या ग्रां क्रू बाटलीवर गावाचं नाव गायब होतं, उरतं फक्त शेताचं. शांबेर्तँ. मोंराशे. रिशबूर. शेत इतकं मोठं झालं की त्याला गावाची ओळख लागत नाही. सगळ्या बर्गंडीत मिळून अशा ग्रां क्रू नावांची संख्या ३३.

लेबलावरून गाव गळालं आणि नुसतं शेत उरलं की जमीन सगळ्यात भारी, अशी एक ढोबळ खूण हाताशी ठेवा. शाब्लीचा अपवाद, तिथे ग्रां क्रूवरही शाब्ली लिहितात.

माझी फसगत ज्यात झाली ती आडवी रेघ मुद्दाम समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात गावांच्या लक्षात आलं की शिवारातल्या एखाद्या शेताचं नाव गावापेक्षा मोठं झालंय. मग गावांनी ते नाव स्वतःला जोडून घेतलं. जव्हरे हे गाव १८४७ साली 'जव्हरे-शांबेर्तँ' झालं, वोन झालं 'वोन-रोमाने'. मोंराशे हे शेत दोन गावांच्या शिवेवर, निम्मं इकडे निम्मं तिकडे. १८७९ साली दोन्ही गावांनी ते नाव लावलं: 'प्युलिन्यी-मोंराशे' आणि 'शासान्य-मोंराशे'. तेव्हा जोडनाव दिसलं की बहुधा ते गाव समजा, पण वोन-रोमानेतल्या 'रोमाने-कोंती'सारखी काही शेतंही जोडनावाची आहेत. एकटं नाव दिसलं की किंमत बघून मग बोला. ('मोंराशे'त पहिला ट मुका आणि शेवटचा टही मुका. वाईनच्या दुकानात मोठ्याने 'मॉन्ट्राचेट' म्हणून पाहा, विक्रेता अगदी सभ्यपणे दुरुस्त करेल.)

आणखी एक बारीक खोच. गाव-पातळीच्या बाटलीवरही कधी शेताचं नाव असतं, आणि ते दिसायला प्रमिये क्रूसारखंच दिसतं. 'प्रमिये क्रू' हे शब्द नसतील, तर ते फक्त शेताचं नाव आहे, दर्जा नाही.

शेताला इथे 'क्लिमा' म्हणतात. उच्चारावरून हवामान आठवेल, पण बर्गंडीत क्लिमा म्हणजे बांध ठरलेला, नाव ठरलेला, शतकानुशतकं वेगळा ओळखला गेलेला जमिनीचा तुकडा. युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवले ते हेच, एकूण १,२४७ क्लिमा. आणि नावं कशी? पेरियेर म्हणजे दगडखाणी. जनव्रियेर म्हणजे जुनिपरची झुडपं असलेलं रान. मोंराशे म्हणजे उघडाबोडका डोंगर. शांबेर्तँ म्हणजे बेर्तँ नावाच्या शेतकऱ्याचं शेत, असं सांगतात. शांबोल गावात एक 'लेझामूरझ' आहे, म्हणजे प्रेमात पडलेल्या बाया. आपल्याकडे 'आंब्याचं शेत', 'वरलं रान', 'पांढरीचा तुकडा' म्हणतात, त्याच जातीची ही नावं. फरक एवढाच की त्यांनी ती बाटलीवर छापली.

पायरी २: खातेदार कोण?

गट कळला तरी अर्धंच काम झालं. एका गटात अनेक खातेदार असतात, आणि प्रत्येकाची कसणूक वेगळी.

सगळ्यात चांगलं उदाहरण 'क्लो द वूजो'. क्लो म्हणजे गडग्याने बंदिस्त केलेला मळा. या एका गडग्याच्या आत सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर जमीन आहे आणि ऐंशीच्या आसपास मालक. सगळ्यांच्या बाटलीवर तेच 'क्लो द वूजो', तोच ग्रां क्रूचा शिक्का. पण कुणाचा तुकडा वर, वाड्याजवळ, निचऱ्याच्या जमिनीत. कुणाचा खाली हमरस्त्याला लागून, पावसाळ्यात पाय रुतेल अशा चिकणमातीत. कुणी घड कमी ठेवतो, कुणी ओझं लादतो. त्यामुळे लेबलावरचं बारीक अक्षरातलं नाव मोठ्या अक्षरांइतकंच महत्त्वाचं. मी तर म्हणेन, चांगल्या माणसाची गाव-पातळीची बाटली आळशी माणसाच्या ग्रां क्रूपेक्षा केव्हाही बरी.

खातेदाराचे दोन मुख्य प्रकार. 'दोमेन' म्हणजे स्वतःची बाग, स्वतःची वाईन. अशा लेबलावर 'मी आं बुतेय ओ दोमेन' असं असतं, म्हणजे बाटली मळ्यावरच भरली. 'नेगोसियां' म्हणजे द्राक्षं, रस किंवा तयार वाईन इतरांकडून घेऊन आपल्या नावाने विकणारा व्यापारी. व्यापारी म्हटलं की आपलं तोंड आपोआप वाकडं होतं, पण इथे ते अन्यायाचं ठरेल. काही जुन्या व्यापारी घराण्यांच्या स्वतःच्याही उत्तम बागा आहेत.

'मोनोपोल' शब्द दिसला तर समजा की आख्खं शेत एकाच मालकाचं. हे इथे दुर्मिळ. मोरे-सँ-दनी गावातलं 'क्लो द तार' हे साडेसात हेक्टरचं शेत ११४१ साली तार मठातल्या जोगिणींकडे आलं, आणि तेव्हापासून आजवर चारच मालक झाले. शेवटचा व्यवहार २०१७ चा, फ्रान्समधल्या पिनो या अब्जाधीश घराण्याचा. शेजारचं 'क्लो दे लांब्रे' २०१४ मध्ये आर्नो यांच्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या उद्योगसमूहाने घेतलं. साध्या शेतकऱ्याच्या पोराने आता ग्रां क्रू जमीन विकत घेणं विसरा. वारसा-कर भरताना घरचीच टिकली तरी पुष्कळ.

'व्हिएय व्हीन्य' म्हणजे जुनी झाडं. याची कायदेशीर व्याख्या नाही, तेव्हा भरवसा शब्दावर ठेवू नका, माणसावर ठेवा.

आणि आडनावं. शासान्य गावात 'मोरे' या आडनावाची इतकी घराणी वाईन करतात की आपल्याकडच्या मोरेवाडीत उभं असल्यासारखं वाटावं. वोन-रोमानेत तसंच 'ग्रो'. चुलत्यांनी वाटण्या केल्या, लग्नात बायकोकडची जमीन आली, की दोन आडनावं जोडून नवं दोमेन उभं राहतं. म्हणून आवडलेल्या बाटलीचा फोटो काढताना आडनावाबरोबर पहिलं नावही येऊ द्या. नुसतं आडनाव लक्षात ठेवलंत तर पुढच्या वेळी चुलतभावाची बाटली घरी येईल.

पायरी ३: जुने फेरफार वाचा

इतकी तुकडेबाजी कशी झाली? मला यात चार मोठ्या नोंदी दिसतात.

पहिली मठांची. १०९८ साली सितो इथे मठ निघाला आणि त्यातून सिस्टर्शियन पंथ वाढला. या मंकांना, म्हणजे मठातल्या साधूंना, वूजो गावाजवळ जमिनी दान मिळाल्या, त्यांनी त्या जोडत नेल्या, भोवती गडगा घातला. मंक माती जिभेवर ठेवून पारख करत, असं गाइड हमखास सांगतात. मला ती गोष्टच वाटते. खरी गोष्ट त्याहून साधी आहे आणि जास्त पटणारी: संस्था मरत नाही. एकच संस्था तेच शेत शेकडो हंगाम कसते, कुठल्या कोपऱ्यात द्राक्ष लवकर पिकतं, कुठे दव साचतं, हे पुढच्याला सांगून जाते. तेवढ्यात शेतांच्या सीमा आपोआप पक्क्या होतात.

दुसरी सरदारी. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप, ज्याला 'धाडसी' म्हणत, त्याने हुकूम काढून गामे ही जात उपटून टाकायला सांगितली. तिला 'अत्यंत वाईट, अत्यंत बेइमान' झाड म्हटलं. गामेला माल भरपूर येतो, वेळेवर येतो, शेतकऱ्याला आवडण्यासारखी सगळी लक्षणं. ड्यूकला मात्र नाव राखायचं होतं. उत्पन्न की दर्जा, हे भांडण तेव्हाचं आहे. हुकूम पूर्ण पाळला गेला नाही, पण उत्तम जमिनीवर पिनो न्वार राहिली ती राहिलीच.

तिसरी नोंद फ्रेंच राज्यक्रांतीची. मठांच्या आणि सरदारांच्या जमिनी जप्त होऊन लिलावात निघाल्या. मग नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना वारसाहक्क दिला. पुढचं आपल्याला सांगायला नको. वाटण्या, परत वाटण्या, एका भावाला तीन ओळी, दुसऱ्याला चार. गंमत म्हणजे क्लो द वूजो क्रांतीनंतरही बराच काळ एकसंध राहिलं. ते फुटलं १८८९ मध्ये.

चौथी नोंद किडीची. फिलॉक्सेरा हा मुळं खाणारा मावा अमेरिकेतून आला आणि १८७८ मध्ये कोत द'ओरमध्ये सापडला. उपाय शेवटी अमेरिकेतूनच आला: अमेरिकन खुंटावर फ्रेंच काडीचं कलम. नाशिक-सांगलीत डॉगरिज खुंटावर कलम करतात त्यामागे पाणी आणि क्षारांचं कारण जास्त, पण तंत्र तेच. रोमाने-कोंती या शेताच्या मालकांनी आपली जुनी बिनकलमी झाडं हट्टाने १९४५ पर्यंत जगवली. मग उपटावी लागली. १९४६ ते १९५१ या वर्षांची रोमाने-कोंती अस्तित्वातच नाही. त्या सालची बाटली कुणी विकायला आणली तर ती खोटी.

दर्जाची उतरंडही एका दिवसात आलेली नाही. १८५५ मध्ये डॉ. लाव्हाल यांनी शेतांची प्रतवारी छापली, १८६१ मध्ये बोनच्या शेतकी समितीने त्यावरून नकाशा केला, आणि १९३५ नंतर सरकारी नियमांनी तीच चौकट जवळपास तशीच उचलली.

पायरी ४: शिवारफेरी

पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकावरून वेगवान गाडीने दीजों साधारण दीड-पावणेदोन तास. तिथून स्थानिक गाडी बोनला वीस-पंचवीस मिनिटांत पोचते. मुक्काम बोनमध्येच करा. मोटार भाड्याने घेऊ नका: फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम ही मर्यादा आहे, आणि दोन ठिकाणी चव घेतली की ती ओलांडायला वेळ लागत नाही. रेल्वे, सायकल आणि पाय यांवर सगळं होतं. बोनहून दक्षिणेला सांतनेपर्यंत द्राक्षबागांतून सायकलवाट आहे, वीसेक किलोमीटर, वाटेत पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी. दुपारच्या जेवणाला मर्सोत थांबा. मोटारवाल्यांसाठी 'रूत दे ग्रां क्रू' हा रस्ता १९३७ पासून आहे.

महिना मे-जून किंवा ऑक्टोबर. तोडणीच्या दिवसांत कुणाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते, आणि ते दिवसही आता सरकलेत. बोनमध्ये तोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून आहे. १९८८ नंतर तोडणी आधीच्या शतकांपेक्षा सरासरी तेरा दिवस लवकर सुरू होते. द्राक्ष लवकर फुटतं, आणि एप्रिलात हिमाची रात्र आली की कोवळे फुटवे जळतात. २०२१ च्या एप्रिलात बागांत ओळीने मेणाचे दिवे पेटवले होते. फोटोत ते दृश्य फार सुंदर दिसतं. बागायतदाराला विचारून पाहा.

एकच फेरी करायची असेल तर ही करा. न्वी-सँ-जॉर्ज स्थानकावर उतरा आणि उत्तरेला वोन-रोमाने गावापर्यंत चालत जा, पाऊण तास. गावाच्या वरच्या अंगाला चढत गेलात की एक दगडी क्रूस लागतो. समोरचा तुकडा रोमाने-कोंती. १.८१ हेक्टर, साडेचार एकर. १७६० मध्ये प्रिन्स द कोंतीने विकत घेतला म्हणून हे नाव. वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या, आणि बाटलीमागे किंमत आपल्याकडच्या चांगल्या मोटारीइतकी. कमरेएवढी भिंत, पलीकडे झाडं. बस, एवढंच.

बहुतेक लोक तिथे फोटो काढून परततात. तुम्ही अर्धा तास थांबा आणि चौकशी करा, म्हणजे आजूबाजूची. पाठीमागे चढावर 'ला रोमाने': ०.८५ हेक्टर, सुमारे ८४ गुंठे, मोनोपोल. उत्तरेला रिशबूर. खाली पूर्वेला रोमाने-सँ-व्हिव्हां. दक्षिणेला एक चिंचोळा पट्टा 'ला ग्रांद र्यू', त्याला लागून 'ला ताश'. सगळे ग्रां क्रू. मग उतारावरून सरळ खाली चालत या. गाव येईल, गावाच्या पलीकडे गाव-पातळीच्या बागा, मग हमरस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे सपाटीवर साधी बुर्गोन्य. चढ इतका कमी की सह्याद्री पाहिलेला माणूस याला टेकाडही म्हणणार नाही. तरी पंधरा मिनिटांच्या चालण्यात जमिनीचा भाव शेकडो पटींनी पडलेला असतो.

का, ते पायाखाली बघा. माथ्यावर रान आणि उघडा चुनखडक, माती वितभर, थंडी जास्त. पायथ्याला खोल चिकणमाती, पाणी धरून ठेवणारी, वेल तिथे पानोऱ्यात शक्ती घालवतो. मधल्या पट्ट्यात, साधारण २५० ते ३०० मीटर उंचीवर, चुनखडी आणि माती यांचं मिश्रण, निचरा चांगला, आणि तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन. आपले शेतकरी भारी काळी जमीन भाग्याची मानतात. द्राक्षाचं गणित इथे नेमकं उलटं चालतं.

मामांना मी पुढे फोटो दाखवले तेव्हा त्यांना क्रूसापेक्षा झाडांतलं अंतर खटकलं. आपल्याकडे मांडवावर एकरी हजाराच्या आसपास वेली. इथे मीटरभर अंतरावर, हेक्टरी दहा हजारांच्या घरात, म्हणजे एकरी चार हजार, आणि वेल जेमतेम कमरेपर्यंत. ट्रॅक्टर ओळींमधून जात नाही, उंच पायांचा असतो, ओळीवरून जातो. छाटणीही वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, झाड झोपलेलं असताना. आपल्यासारखी एप्रिल खरड आणि ऑक्टोबर छाटणी असं दुहेरी काम नाही. "म्हणजे अर्धं वर्ष सुट्टी," मामा म्हणाले. तसं नसतं, पण मी वाद घातला नाही.

बागांत दगडी झोपड्या दिसतील, घुमटीसारख्या. त्या 'काबोत', पावसात आसऱ्याच्या. जुने लोक अजून जमीन 'उव्रे'मध्ये मोजतात: एका माणसाने हातकुदळीने दिवसभरात खणायची जमीन, ४२८ चौरस मीटर. आपले सव्वाचार गुंठे.

बागेत शिरू नका, मणी तोडू नका, ओळीत बसून फोटो नको. कुंपण नसलं तरी ते कुणाचं तरी शेत आहे.

पायरी ५: तळघरात

कुटुंबाच्या दोमेनला आधी ई-मेल करून वेळ घ्या. न कळवता गेलात तर दार उघडणारा माणूस ट्रॅक्टरवरून उतरून आलेला असेल. पोचल्यावर पहिला शब्द 'बोंजूर'. हे विसरलात तर पुढची सगळी फ्रेंच वाया.

खाली २२८ लिटरची पिंपं असतात, 'पियेस', एका पिंपात साधारण तीनशे बाटल्या. बर्गंडीत अनेक ठिकाणी लाल आधी देतात आणि पांढरी नंतर. पुस्तकाच्या उलट वाटेल, चकित होऊ नका. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरा. त्यात अपमान नाही, उलट तुम्ही मनावर घेतलंय असं समजतात. एकाच मालकाच्या दोन शेजारच्या क्लिमांची, एकाच सालची वाईन शेजारी शेजारी मागा. माणूस तोच, जात तीच, साल तेच, फरक फक्त बांधाचा. तो फरक तुमच्या जिभेला लागला तर अर्धी बर्गंडी कळली. नाही लागला तर तसं सांगा. मला पहिल्या वेळी लागला नव्हता. निघताना एक-दोन बाटल्या घेणं ही रीत आहे.

पायरी ६: बोनमधली एक दुपार

'ओस्पिस द बोन' टाळू नका. १४४३ साली ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन यांनी गरिबांसाठी हे रुग्णालय उभारलं. शंभर वर्षांच्या युद्धाने प्रदेश खंगला होता. रंगीत कौलांचं छप्पर सगळे पाहतात. आत रोजियर व्हान डर वेडन याने रंगवलेलं 'शेवटचा न्याय' हे चित्र आहे, मरणाच्या दारातल्या रुग्णांसाठी लावलेलं, त्याच्यासमोर थोडा वेळ द्या.

लोक मरताना या रुग्णालयाला बागा दान करत गेले. देवस्थानाची इनाम जमीन वाढावी तशी ती वाढली. आज सुमारे साठ हेक्टर. १८५९ पासून दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिथल्या वाईनचा पिंपागणिक लिलाव होतो आणि पैसा रुग्णालयाला जातो. जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते. लिलावाच्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत.

शनिवारचा बाजार तिथेच समोर भरतो. शाकाहारी माणसाची या भागात थोडी पंचाईत होते: गोगलगायी, वाईनमध्ये शिजवलेलं गोमांस, अंडीही वाईनमध्येच. गुजेर हे चीजचे फुगीर गोळे अंडं चालणाऱ्यांना चालतील. एपवास हे चीज मुद्दाम चाखा, पण खोलीवर नेऊ नका. वास पडद्यांना लागतो. संध्याकाळी आलिगोते आणि ब्लॅककरंट या फळाच्या लिकरचं पेय मागा, 'कीर'. हे नाव दीजोंचे महापौर, धर्मगुरू फेलिक्स कीर यांच्यावरून.

पायरी ७: काय घ्यायचं, घरी कसं उघडायचं

भारतात परतताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या. तिसरी घेतलीत तर सव्वादोन लिटर होतात. तेव्हा निवड जपून करा.

मोठ्या नावाची खालच्या दर्जाची बाटली घेण्यापेक्षा लहान गावातल्या चांगल्या माणसाची घ्या. लालसाठी मारसाने, फिसँ, सांतने, किंवा थोडं दक्षिणेला मेर्क्यूरे आणि जिव्हरी. पांढरीसाठी सँ-ओबँ, र्युली. बूझरों हे गाव तर खास आलिगोतेसाठीच ओळखलं जातं. पोमार, व्होल्ने, मर्सो, न्वी-सँ-जॉर्ज या नामांकित गावांत एकही ग्रां क्रू नाही, त्यामुळे तिथल्या उत्तम प्रमिये क्रूंना शिक्क्याचा जादा भाव लागत नाही. भाव कमी असतो असं मात्र समजू नका.

घरी आल्यावर बाटली आडवी, अंधारात, थंड ठिकाणी. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली पिनो न्वार उकडून निघते. दुसरी सोय नसेल तर शीतकपाटाचा खालचा कप्पा चालेल, वर्षानुवर्षं मात्र नको. लाल वाईन उघडताना १५-१६ अंशांवर असावी. 'खोलीच्या तापमानाला' हा सल्ला युरोपातल्या थंड दगडी घरांचा आहे, आपल्या खोलीचा नव्हे. पिण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी बारा अंशांच्या आसपास, बर्फगार केलीत तर गंधच उमटणार नाही. पेला मोठ्या पोटाचा.

जेवणाचं म्हणाल तर तांबड्या रश्श्यासमोर पिनो न्वार टिकत नाही, उगाच दोघांचा अपमान. शाब्ली आणि रव्यात तळलेले बोंबील, हे जमतं. मर्सो आणि ओल्या काजूंची उसळ, तिखट बेताचं आणि ओलं खोबरं सढळ, हे तर फार जमतं. पुढच्या खेपेला मी मामांसाठी सांतनेची एक लाल आणली होती, गाव-पातळीचीच, लेबलावर शेताचं नाव असलेली. त्यांनी बाटली हातात घेतली, गाव वाचलं, गट वाचला, आणि विचारलं, "मालकाचं नाव कुठे लिहिलंय?"